आबे फ्रान्झ लिस्ट : मैफलींचा राजा आणि क्रुसाची वाट

दिनांक २५ एप्रिल १८६५ रोजी रोम नगरीत एक छोटेखानी धर्मविधी पार पडला. आर्चबिशप गुस्ताव होहेनलोहे यांनी व्हॅटिकनमधील आपल्या खाजगी प्रार्थनालयात त्रेपन्न वर्षांच्या एका गृहस्थाचे केस प्रतीकरूपाने कापले आणि त्यास धर्मसेवकवर्गात प्रवेश दिला. विधी साधा होता, उपस्थिती मोजकी होती. परंतु ही वार्ता बाहेर फुटताच पॅरिसपासून पेस्टपर्यंतच्या वृत्तपत्रांना चघळायला विषय मिळाला. कारण तो गृहस्थ म्हणजे त्या शतकातील सर्वश्रेष्ठ पियानोवादक फ्रान्झ लिस्ट होता. ज्याच्या हातमोज्यांसाठी उमरावांच्या लेकीसुना झोंबत असत, ज्याच्या प्रेमप्रकरणांची चर्चा अवघ्या युरोपभर झाली होती, त्याने काळा झगा परिधान केला! कोणी म्हणाले, हे नवे सोंग आहे. कोणी म्हणाले, विवाह टाळण्याची ही युक्ती आहे.

हे सोंग होते काय, हा प्रश्न आम्हालाही पडला, आणि त्याच्या उत्तराच्या शोधात आम्ही हे चरित्र सांगावयास घेतले आहे. लिस्ट यांचे नाव आमच्या वाचकांतील सर्वांना परिचित असेलच असे नाही. मुंबई-वसई परिसरात लंडनच्या संगीत परीक्षांसाठी पियानो शिकणाऱ्या मुलामुलींना ते ठाऊक असते ते बहुधा बोटांची परीक्षा पाहणाऱ्या अवघड रचनांचे कर्ते म्हणून. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू, म्हणजे वेदीकडे पुन:पुन्हा वळणारी बाजू, मात्र बऱ्याच पियानोवादकांनाही माहीत नसते.

लिस्ट यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी तत्कालीन हंगेरी राज्यातील रायडिंग या खेड्यात झाला. हे खेडे आज ऑस्ट्रियात आहे. हंगेरियन भाषेत 'लिस्ट' या शब्दाचा अर्थ पीठ असा होतो, आणि घरची स्थितीही पिठामिठापुरतीच होती. वडील आदाम लिस्ट हे एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या जहागिरीवर मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवणारे कारकून होते. ते चेलो वाजवीत. याच घराण्याच्या पदरी राहिलेल्या थोर संगीतकार हायडन यांना त्यांनी जवळून पाहिले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तरुणपणी आदाम यांनी फ्रान्सिस्कन मठात उमेदवार म्हणून सुमारे दोन वर्षे काढली होती. मठ सुटला, परंतु मठाची ओढ सुटली नाही. मुलाचे नाव फ्रान्सिस्कस ठेवण्यात आले. आई आना ऑस्ट्रियातील, अत्यंत भाविक स्त्री. एका हाती संगीत आणि दुसऱ्या हाती जपमाळ असा हा वारसा बालक फ्रान्झला जन्मत:च लाभला. पुढे या दोन हातांची ओढाताण आयुष्यभर चालली.

वयाच्या नवव्या वर्षी, १८२० साली, या मुलाने शोप्रोन येथे व त्यानंतर प्रेसबर्ग येथे जाहीर वादन केले. प्रेसबर्ग म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा. ते ऐकून काही हंगेरियन सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे वार्षिक सहाशे गुल्डनची मदत कबूल केली. आदाम यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि कुटुंबासह व्हिएन्ना गाठले. तेथे बीथोव्हेनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी या मुलाला शिकविले. प्रारंभीच्या काळानंतर त्यांनी फी घेण्याचे नाकारले. हे लहानसे वाटणारे औदार्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याचे व्याज पुढे फार मोठे फिटले. सालिएरी यांनी संगीतरचनेचे पाठ दिले. १८२३ साली लिस्ट कुटुंब पॅरिसला आले, तेव्हा तेथील संगीत विद्यालयाने परदेशी म्हणून या मुलाला दारातूनच परत पाठविले. परंतु पियानो बनविणाऱ्या एरार घराण्याने त्याला जवळ केले. एरार यांनी नुकतीच पियानोच्या यंत्रणेत एक सुधारणा केली होती. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजविता येऊ लागला होता. नवे वाद्य आणि ते पेलणारी नवी बोटे यांची गाठ योग्य वेळी पडली. इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज यांच्यासमोर लिस्टचे वादन झाले तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता.

टाळ्यांच्या या गजरात मुलाचे मन मात्र अन्यत्र होते. संतचरित्रे आणि 'ख्रिस्तानुकरण' हा ग्रंथ तो सतत वाचीत असे. सेमिनरीत जाण्याची इच्छा त्याने वडिलांजवळ बोलून दाखविली. वडिलांनी समजूत घातली, की देवावर प्रेम करण्यासाठी धर्मगुरूच व्हावे लागते असे नाही. मठाचा उंबरठा ओलांडून परत आलेल्या मनुष्याने आपल्या मुलाला त्या उंबरठ्यापासून दूर ठेवावे, यात काय काय दडले असेल, याचा विचार आमच्या मनात येतोच.

२८ ऑगस्ट १८२७ रोजी फ्रान्समधील बुलोन्य या समुद्रकाठच्या गावी आदाम लिस्ट विषमज्वराने मरण पावले. मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याने वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी आपला पियानो विकला, आईला पॅरिसला बोलावून घेतले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवण्या करून घर चालवू लागला. शिष्यांमध्ये फ्रान्सच्या व्यापारमंत्र्यांची कन्या कारोलिन द सँ-क्रिक ही होती. दोघांचे मन जुळले. दोघेही सारखेच भाविक होते. मंत्रिमहोदयांना हे कळले तेव्हा त्यांनी शिक्षकाला सौजन्याने परंतु कायमचे दार दाखविले. लिस्ट आजारी पडला, लोकांत मिसळेनासा झाला. १८२८ साली पॅरिसच्या एका पत्राने तर त्याच्या निधनाची वार्ता छापून टाकली! या काळात तो तासन् तास चर्चमध्ये बसून राही. त्याने पुन्हा सेमिनरीचा हट्ट धरला. या वेळी आईने आणि त्याच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्याला परावृत्त केले. धर्मगुरूंचे मत असे पडले, की त्याचे पाचारण कलेचे आहे.

१८३० च्या जुलै क्रांतीच्या तोफांनी त्याला या ग्लानीतून उठविले असे त्याची आई म्हणत असे. १८३२ साली त्याने पॅरिसमध्ये पागानिनी यांचे व्हायोलिन ऐकले. व्हायोलिनवर या माणसाने जे केले ते आपण पियानोवर करावयाचे, असा ध्यास त्याने घेतला आणि दररोज चार-पाच तास केवळ बोटांच्या कसरतींसाठी राखून ठेवले. या तपश्चर्येतून जो वादक बाहेर आला त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. शोपाँ व बेर्लिओझ हे त्याचे मित्र होते. आबे लामने या वादग्रस्त धर्मगुरूंच्या ब्रिटनीतील आश्रमवजा घरी १८३४ साली त्याने काही आठवडे वास्तव्य केले. कलावंत हाही समाजाला देवाकडे नेणारा एक प्रकारचा पुरोहित असतो, हा विचार तेथे त्याच्या मनात पक्का झाला. लामने पुढे ख्रिस्तसभेपासून दुरावले. लिस्ट मात्र दुरावला नाही.

येथून पुढचा भाग सांगताना लेखणी अडखळते, परंतु तो लपविण्यात अर्थ नाही. १८३३ साली लिस्टची काउंटेस मारी दागू हिच्याशी ओळख झाली. ती विवाहित होती, दोन मुलींची आई होती. त्यांतील थोरल्या मुलीचे निधन झाल्यानंतर, १८३५ साली ती घर सोडून लिस्टसोबत जिनिव्हाला गेली. या संबंधातून ब्लांदीन, कोझिमा व डॅनियल ही तीन मुले झाली. १८४४ साली दोघे कायमचे विभक्त झाले. मुलांचा सांभाळ प्रामुख्याने पॅरिसमध्ये आजी आनाने केला. लिस्टने पैसे नेमाने पाठविले, पण तो स्वत: फिरकला नाही. सुमारे आठ-नऊ वर्षे त्या मुलांनी आपल्या वडिलांना पाहिले नाही. कलेचा अथवा तारुण्याचा कोणताही दाखला देऊन याचे समर्थन होऊ शकेल असे आम्हाला वाटत नाही.

ही तीच वर्षे, ज्या वर्षांत युरोपने लिस्टला डोक्यावर घेतले. १८३८ साली डॅन्यूब नदीला महापूर येऊन पेस्ट शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. इटलीत असलेल्या लिस्टने ही बातमी वाचली आणि व्हिएन्नाला धाव घेऊन पूरग्रस्तांसाठी मैफली केल्या. मायभूमीची जाणीव त्याला त्या पुराने करून दिली. पुढील वर्षी बॉन येथील बीथोव्हेनच्या पुतळ्याचा निधी रखडल्याचे कळताच त्याने दहा हजार फ्रँकची जबाबदारी स्वत: उचलली. ती रक्कम उभी करण्यासाठी पुन्हा रंगमंच गाठला. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्याने एक हजाराहून अधिक कार्यक्रम केले. लिस्बनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत आणि डब्लिनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, बहुतांशी घोडागाडीने प्रवास करून!

आज आपण पियानोची एकल मैफल म्हणतो ती याच माणसाची देणगी आहे. त्यापूर्वी एका कार्यक्रमात गायक, वादक, वाद्यवृंद अशी सरमिसळ असे. संपूर्ण कार्यक्रम एकट्याने सादर करण्याचे धाडस लिस्टने केले आणि १८४० साली लंडनच्या जाहिरातीत त्यासाठी 'रिसायटल' हा शब्द प्रथम वापरला गेला. श्रोत्यांना वादकाचा चेहरा व हात दिसावेत आणि उघड्या झाकणावरून नाद सभागृहात पसरावा, म्हणून पियानो आडवा मांडण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. स्वरलिपी समोर न ठेवता मुखोद्गत वाजविण्याची चालही त्याचीच. तोवर तसे करणे उद्धटपणाचे समजले जाई. त्या काळच्या लाकडी सांगाड्याच्या पियानोंना त्याचे वादन सोसत नसे, तारा तुटत. म्हणून कित्येकदा रंगमंचावर दोन पियानो सज्ज ठेवीत. १८४१-४२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्याने दहा आठवड्यांत एकवीस मैफली केल्या आणि सुमारे ऐंशी रचना वाजविल्या. निरोपाच्या दिवशी त्याची गाडी सहा पांढऱ्या घोड्यांनी ओढली आणि मागे गाड्यांची रांग लागली. कवी हाईने याने या वेडाला 'लिस्टोमानिया' असे नाव दिले.

या मिळकतीतला मोठा वाटा त्याच्या हातून निसटत गेला, आणि तो चैनीत नव्हे. इस्पितळे, अनाथ, आगीत होरपळलेली गावे, विपन्न संगीतकार आणि अर्धवट राहिलेले कोलोनचे महामंदिर या सर्वांसाठी त्याने मैफली केल्या. आणि १८४७ च्या सप्टेंबरमध्ये, युक्रेनमधील एलिसावेतग्राद येथे, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो व्यावसायिक रंगमंचावरून खाली उतरला. त्यानंतर जवळजवळ एकोणचाळीस वर्षे तो जगला, अनेकदा वाजविलेही, परंतु स्वत:साठी मोबदला घेऊन नव्हे. कीर्तीच्या ऐन माध्यान्ही असे उठून जाणे किती जणांना जमले आहे?

या निर्णयामागे एका स्त्रीचा आग्रह होता. त्याच वर्षीच्या प्रारंभी कीव्ह शहरात एका धर्मादाय मैफलीसाठी कोणी अज्ञात व्यक्तीने शंभर रुबलची देणगी दिली. आभार मानावयास गेलेल्या लिस्टची भेट राजकन्या कारोलीन झू साइन-विट्गेनस्टाइन हिच्याशी झाली. ती पोलिश, निष्ठावंत कॅथलिक, विद्वान आणि अफाट जमिनींची मालकीण होती. सतराव्या वर्षी वडिलांनी तिचा विवाह रशियन सैन्यातील एका अधिकाऱ्याशी लावून दिला होता. तो संसार केव्हाच मोडला होता. आपल्या मनाविरुद्ध दडपणाखाली हा विवाह झाला, म्हणून तो मुळातच अवैध ठरवावा, असे तिचे म्हणणे होते. १८४८ साली ती मुलीला घेऊन रशियाबाहेर पडली आणि जर्मनीतील वायमार येथे लिस्टच्या सोबतीने राहू लागली. झारच्या सरकारने तिच्या मालमत्तेवर टाच आणली. वायमारच्या दरबारी समाजाने तिला वाळीत टाकले. बारा वर्षे ती ख्रिस्तसभेच्या न्यायासनापुढे दाद मागत राहिली.

वायमारमधील ही वर्षे संगीताच्या दृष्टीने फार समृद्ध ठरली. बी मायनरमधील पियानो सोनाटा, बारा सिंफनिक काव्ये, वागनरच्या 'लोहेन्ग्रीन'चा १८५० मधील पहिला प्रयोग, ही सर्व तेथलीच कामे. संगीताचे अभ्यासक त्यांवर पुष्कळ लिहितात, आम्ही पुढे जातो. आमच्या दृष्टीने त्या काळातील ठळक घटना दोन. ३१ ऑगस्ट १८५६ रोजी हंगेरीतील एस्टरगोम येथील भव्य बॅसिलिकेच्या अभिषेकप्रसंगी लिस्ट यांनी रचलेली मिस्सा त्यांच्याच दिग्दर्शनाखाली गायिली गेली. आणि १८५७ साली ते संत फ्रान्सिस असिसीकरांच्या प्रापंचिकांसाठी असलेल्या तिसऱ्या संघात दाखल झाले. वडिलांचा सुटलेला धागा मुलाने असा उचलला.

यानंतर दु:खांची रांग लागली. १३ डिसेंबर १८५९ रोजी वीस वर्षांचा डॅनियल बर्लिनमध्ये क्षयाने गेला. बापाने अखेरच्या रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या. उशिरा जागे झालेले हे पितृत्व मुलाच्या वाट्याला काही तासच आले. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये बाळंतपणानंतरच्या आजारात ब्लांदीनही गेली. ती सव्वीस वर्षांची होती.

या दोन मृत्यूंच्या मध्ये रोममधील ती विलक्षण रात्र येते. अनेक खटपटींनंतर कारोलीनचा पहिला विवाह अवैध ठरविणारा निर्णय मिळाला होता आणि २२ ऑक्टोबर १८६१ रोजी, लिस्ट यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, रोमच्या सान कार्लो अल कोर्सो या चर्चमध्ये दोघांचा विवाह ठरला होता. आदल्या संध्याकाळी दोघांनी एकत्र बसून परमप्रसाद स्वीकारण्याची तयारी केली. रात्री उशिरा निरोप आला, की विवाह स्थगित करण्यात आला आहे. प्रकरणाची फेरतपासणी व्हावी असा अर्ज झाला होता. यामागे कारोलीनच्या नातेवाइकांचा हात होता असे चरित्रकार सांगतात. तिच्या मुलीचा विवाह होहेनलोहे घराण्यात झालेला असल्याने वारसाहक्काचे प्रश्नही त्यात गुंतले होते. ज्या आर्चबिशप होहेनलोहे यांनी पुढे लिस्ट यांना धर्मसेवकवर्गात घेतले, ते त्याच घराण्यातील! इतिहासात अशा गाठी असतात. १८६४ साली कारोलीनच्या पतीचे निधन झाले, वाट मोकळी झाली. तरीही दोघांनी विवाह केला नाही. बारा वर्षे ज्याची प्रतीक्षा केली ते दारात आल्यावर दोघांनीही दार उघडले नाही. तिने आपल्या रोममधील घराच्या खिडक्या बंद करून धर्मविषयक ग्रंथलेखनाला वाहून घेतले. तिच्या चोवीस खंडांच्या महाग्रंथातील काही भाग नंतर निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला, हे त्या साध्या मनाच्या स्त्रीला फार लागले असणार.

आज आपल्या धर्मप्रांतांतही विवाहाच्या वैधतेचे प्रश्न घेऊन न्यायासनाकडे जाणारी माणसे आहेत. वर्षानुवर्षे निर्णयाची वाट पाहणे काय असते, ते त्यांना सांगावे लागणार नाही. लिस्ट यांच्या बाबतीत आम्हाला लक्षणीय वाटते ते इतकेच, की विवाहाच्या आदल्या रात्री ज्या ख्रिस्तसभेचे दार बंद झाले, तिच्या अंगणातून ते उठून गेले नाहीत. उलट १८६३ च्या जूनमध्ये ते रोमबाहेरील मोन्ते मारिओ टेकडीवर, रोझरी माऊलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोमिनिकन मठात एका खोलीत राहावयास गेले. एक पलंग, एक मेज, काही पुस्तके आणि एक लहानसा उभा पियानो. त्याचा एक स्वर वाजतच नसे. ज्याच्यासाठी युरोपभर दोन-दोन पियानो सज्ज असत, तो आता एका मुक्या पट्टीच्या पियानोवर संगीत रचीत होता.

११ जुलै १८६३ रोजी या खोलीत साक्षात पोप नववे पायस आले. लिस्ट यांनी त्यांना संत फ्रान्सिस असिसीकरांनी पाखरांना केलेल्या प्रवचनावरील आपली रचना ऐकविली. त्या रचनेत उजव्या हातात पाखरांचा किलबिलाट आहे आणि मग संतांचा एकटा, शांत स्वर येतो. पाखरे हळूहळू गप्प होतात. नंतर पोपमहोदयांनी, ज्यांचा आवाज चांगला होता, बेल्लीनीच्या 'नोर्मा' या संगीतनाटकातील प्रसिद्ध गीत गुणगुणले असे सांगतात. ते गीत एका ख्रिस्तपूर्व पुजारिणीच्या तोंडचे आहे, याचे कोणालाच काही वाटले नाही, हे बरेच झाले!

दीक्षेविषयी काही गैरसमज आहेत, ते येथेच दूर करू. लिस्ट धर्मगुरू कधीच झाले नाहीत. एप्रिल १८६५ मधील केशकर्तनविधीनंतर त्याच वर्षी ३० जुलै रोजी त्यांना चार कनिष्ठ दीक्षा मिळाल्या : द्वारपाल, वाचक, अपदूतनिवारक आणि वेदीसेवक. त्यांना मिस्सा अर्पण करण्याचा अथवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नव्हता. ब्रह्मचर्याचे बंधन उपडीकनपदापासून सुरू होई, तेथवर ते गेले नाहीत. म्हणजे विवाह टाळण्यासाठी झगा घातला, हा टीकाकारांचा आक्षेप कायद्याच्या दृष्टीनेही टिकत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली केशकर्तनविधी आणि या कनिष्ठ दीक्षांची जुनी व्यवस्था रद्द करून वाचक व वेदीसेवक ही दोन सेवापदे ठेवली, आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती स्त्रियांसाठीही खुली केली. आपल्या चर्चमध्ये वाचनासाठी उभ्या राहणाऱ्या भगिनी ज्या सेवेचा वारसा चालवितात, तिची दीक्षा लिस्ट यांनी घेतली होती. १८७९ साली त्यांना आल्बानो येथील सन्माननीय कॅनन हे पदही मिळाले. तेव्हापासून नव्हे, तर १८६५ पासूनच जग त्यांना 'आबे लिस्ट' म्हणू लागले होते.

झगा घातल्यावर सर्व मोह गळून पडले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रवादांनी त्यांची पाठ सोडली नाही, आणि सारेच प्रवाद निराधार होते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. उतारवयात मद्याचे प्रमाणही वाढले. परंतु पहाटे चारला उठणे, मिस्साला जाणे आणि प्रार्थनाग्रंथ वाचणे हा क्रम त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. मंदिरसंगीताची सुधारणा ही त्यांची तळमळ होती. त्या काळी चर्चमध्ये नाटकी चालींचा सुकाळ झाला होता. ग्रेगोरियन गायन आणि पालेस्त्रिना यांच्या परंपरेकडे वळावे, असे त्यांना वाटे. रोममध्ये हे काम आपल्यावर सोपविले जाईल ही त्यांची आशा फोल ठरली. १९०३ साली दहावे पायस यांनी मंदिरसंगीतावर जो आदेश काढला, त्यात ग्रेगोरियन गायनालाच आदर्श मानले गेले. त्याच आदेशाने चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली, हे वाचून लिस्ट हसले असते की खिन्न झाले असते?

त्यांच्या धार्मिक रचनांत 'ख्रिस्तुस' हे सुमारे तीन तासांचे ओरातोरिओ सर्वांत विशाल आहे. नाताळ, प्रभूचे सेवाकार्य आणि दु:खसहन व पुनरुत्थान अशा तीन भागांत ते विस्तारते. त्यात गिरिप्रवचनातील धन्यवचने आहेत, प्रभूची प्रार्थना आहे, क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेचा विलाप आहे. १८७३ साली वायमारमध्ये ते प्रथमच संपूर्ण सादर झाले. पण आम्हाला विचाराल तर आमचे मन ओढून घेते ती दुसरी, अगदी लहान रचना. १८७८-७९ च्या सुमारास त्यांनी 'क्रुसाची वाट' संगीतबद्ध केली. मजकुराची जुळणी कारोलीनने केली होती. गायकवृंद, काही एकल गायक आणि ऑर्गन अथवा पियानो, एवढेच तिचे साहित्य. आरंभी क्रुसाच्या ध्वजाचे प्राचीन लॅटिन स्तोत्र येते आणि मग चौदा स्थाने. प्रभू तीन वेळा पडतो तेव्हा पुरुषांचा आवाज एकदम कोसळतो. त्यापाठोपाठ स्त्रियांच्या आवाजात मातेच्या विलापाचे कडवे येते. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जाताना आपण कडवे गातो, अगदी तसेच. व्हेरोनिकेच्या स्थानी लिस्ट यांनी काट्यांच्या मुकुटाचे प्रोटेस्टंट पंथीयांचे भजन घेतले आहे. काही स्थानांवर गायन नाहीच. केवळ वाद्य, तेही एकेरी स्वरांत, इतके उघडेबोडके की युरोपातील सर्वांत झगमगीत वादनाचा धनी तो हाच, हे पटू नये. रोमच्या कोलोसियममध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७५० साली क्रुसाच्या वाटेची स्थाने उभारली होती. तेथे ही रचना गायिली जावी, हे लिस्ट यांचे स्वप्न होते. रेगेन्सबर्गच्या धार्मिक संगीत प्रकाशकांनी ती छापण्यास नकार दिला. तिचे स्वरमेळ त्यांना फार अपरिचित वाटले असावेत.

१८६९ पासून त्यांचे वर्ष तीन शहरांत विभागले गेले : रोम, वायमार आणि बुडापेस्ट. १८७५ साली बुडापेस्टमध्ये संगीत अकादमी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. उन्हाळ्यात वायमारच्या घरी आठवड्यातून तीन दुपारी देशोदेशीचे तरुण जमत. एक जण वाजवी, सर्व ऐकत, गुरू मधूनच उठून दोन ओळी वाजवून दाखवी. आज सर्वत्र होणाऱ्या 'मास्टरक्लास'चा उगम हाच. ब्यूलो, टाउझिग, झिलोटी, दालबेर, रोझेन्थाल, सोफी मेंटर अशी नामवंतांची मालिका येथून बाहेर पडली. या शेकडो शिष्यांकडून त्यांनी एक पैसाही घेतला नाही. चेर्नी यांनी एका गरीब मुलाला फुकट शिकविले होते, त्याचे हे व्याज. शिष्यांतील काहींच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आजही उपलब्ध आहेत. गुरूचे वादन मात्र कोणीही मुद्रित केले नाही.

१८८१ साली जिन्यावरून पडल्यापासून त्यांची प्रकृती ढासळत गेली. अंगावर सूज आली, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. तरी १८८६ साली, पंचाहत्तराव्या वर्षात, त्यांनी पॅरिस व लंडनचा प्रवास केला. पॅरिसच्या सँत-उस्ताश चर्चमध्ये वीस वर्षांपूर्वी त्यांची एस्टरगोमची मिस्सा सैनिकांच्या ढोलांत आणि देणग्या गोळा करण्याच्या गडबडीत वाया गेली होती. त्याच चर्चमध्ये तीच मिस्सा या खेपेस लोकांनी कान देऊन ऐकली.

जिवंत राहिलेले एकमेव अपत्य म्हणजे कोझिमा. ती ब्यूलो यांना सोडून वागनर यांच्याकडे गेली होती, त्यांच्याशी विवाह करून तिने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला होता. बापलेकीत कित्येक वर्षे दुरावा होता. वागनर यांच्या पश्चात बायरॉइटचा संगीतोत्सव ती चालवीत होती आणि उत्सवाला वजन यावे म्हणून तिने वडिलांना बोलावून घेतले. अंगात ताप व खोकला घेऊन लिस्ट २१ जुलै रोजी तेथे पोहोचले. मुलीच्या घरी नव्हे, जवळच्या एका भाड्याच्या खोलीत उतरले. रुमाल तोंडाशी धरून ते दोन प्रयोगांना बसले. न्यूमोनिया बळावला आणि ३१ जुलै १८८६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. अखेरच्या दिवसांत कोणाही धर्मगुरूंना बोलावण्यात आले नाही, असे जवळ असलेल्या शिष्यांच्या आठवणींवरून दिसते. ज्याने आयुष्यभर वेदीची ओढ जपली, त्याला अंतिम अभ्यंगाशिवाय जावे लागले. हे वाचताना जीव कळवळतो. उत्सव सुरूच राहिला. ३ ऑगस्टला बायरॉइटमध्येच दफन झाले आणि दुसऱ्या दिवशी तेथील कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा झाली. ऑर्गनवर अँटन ब्रुकनर होते. त्यांनी वाजविले ते वागनरच्या 'पार्सिफाल'मधील सूर. लिस्ट यांचा एकही नाही. पुढे वायमारने व बुडापेस्टने त्यांचे पार्थिव मागितले, परंतु ते तेथून हलविले गेले नाही. कारोलीन १८८७ च्या मार्च महिन्यात रोममध्ये निवर्तली.

नाकारलेली 'क्रुसाची वाट' हस्तलिखितातच पडून राहिली. लिस्ट यांच्या निधनानंतर त्रेचाळीस वर्षांनी, १९२९ सालच्या गुड फ्रायडेला, बुडापेस्टमध्ये ती प्रथमच गायिली गेली.